शुश्रूषेचे शिक्षण

सकाळी आठ आणि रात्री आठ. पुण्याचे कोथरूड, ठाण्याचा नौपाडा, डोंबिवली, नाशिकचा कॉलेज रोड किंवा नागपूरचे धरमपेठ, यांपैकी कोठल्याही मध्यमवर्गीय वस्तीतील इमारतीच्या जिन्यावर या वेळी थोडे थांबले, तर एक दृश्य हमखास दिसते. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि घडी केलेला गणवेश, अशा स्त्रिया वर चढत असतात आणि रात्रभर जागून डोळे तांबारलेल्या तशाच दुसऱ्या स्त्रिया खाली उतरत असतात. कोणाच्या घरी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले वडील आहेत, कोणाकडे स्मृतिभ्रंश झालेली आई आहे, कोणाकडे खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली आजी आहे. या स्त्रियांना सारे 'मावशी' म्हणतात, पुरुष असेल तर 'मामा'. त्यांना पाठवणाऱ्या कार्यालयाला 'ब्युरो' म्हणतात. शहरी महाराष्ट्रातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची देखभाल आज बव्हंशी या दोन शब्दांवर उभी आहे.

आई-वडिलांना देवस्थानी मानणाऱ्या समाजात त्यांचे अंग पुसणारे, कूस बदलणारे, लघवीची पिशवी रिकामी करणारे हात अनेक घरांत घरच्या माणसांचे राहिलेले नाहीत. यात लगेच अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. सत्तरीच्या मुलाने पंच्याण्णव वर्षांच्या पित्याला उचलावे तरी कसे? एकुलती एक मुलगी बंगळुरूस, मुलगा न्यू जर्सीस, सून स्वतः नोकरी करणारी. सुनेने नोकरी सोडून सासूच्या उशाशी बसावे, ही अपेक्षा बोलून दाखवण्याचे दिवस गेले, आणि ते गेले हे चांगलेच झाले. पूर्वीच्या एकत्र कुटुंबात वृद्धांची सेवा 'कुटुंब' करीत होते, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती सेवा घरातील एखादी स्त्री, बहुधा मधली सून किंवा बालविधवा आत्या, मुकाट्याने करीत होती. तिला कोणी विचारले नव्हते आणि तिचे नाव कोणी घेतलेही नाही.

आकडे पाहिले तर प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये ती १४.९ कोटींवर गेली होती आणि २०५० पर्यंत ३४.७ कोटींवर, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक होईल. एवढ्या वृद्धांपैकी प्रत्येकाला परिचारक लागणार नाही हे उघड आहे. परंतु ज्यांना लागेल, त्यांच्या उशाशी कोण बसणार आणि त्या व्यक्तीला काय येत असणार, हा प्रश्न आपण अजून नीट विचारलेलाही नाही. ब्युरोला दूरध्वनी केला की दुसऱ्या दिवशी 'बाई' येते. तिचे आधारपत्र पाहिले जाते, कधी पोलिसांची पडताळणी होते, क्वचित पूर्वी काम केलेल्या घरी चौकशी होते. तिला रुग्ण कुशीवर वळवता येतो का, हे विचारणारे घर विरळा.

'प्रेमळ आहे हो बाई, घरच्यासारखं करते,' ही आपल्याकडील सर्वोच्च पावती. प्रेमळपणाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. तथापि या बाबतीत आपल्याच परंपरेने घालून दिलेला क्रम पाहण्यासारखा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारक हा वैद्याचा हरकाम्या म्हणून तेथे आलेला नाही. तो उपचाराचा स्वतंत्र चतुर्थांश आहे. त्याचे चार गुण चरकाने मोजले आहेत: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. उपचाराचे ज्ञान पहिले, कामातील तत्परता व कौशल्य दुसरे, रुग्णाविषयीची आपुलकी तिसरी आणि स्वच्छता चौथी. आज आपण चारांतील तिसरा गुण तेवढा मागतो आणि उरलेले तीन देवाच्या भरवशावर सोडतो. आयुर्वेदाचा गौरव व्याख्यानांतून पुष्कळ होतो. त्यातील हे एक वाक्य घरात अमलात आणले असते, तर किती वृद्धांच्या पाठीवरच्या जखमा टळल्या असत्या!

जखमांचा उल्लेख मुद्दामच केला. शय्याव्रण, ज्याला घरोघरी बेडसोअर म्हणतात, तो म्हातारपणाचा अटळ भोग आहे असा समज आहे. बहुतांश वेळा तो टाळता येतो. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती येथे हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी चिरडली जाते, तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत आतील मांस मरू लागते. वरून दिसतो तो केवळ लालसर डाग. बोट दाबून सोडल्यावर तो डाग पांढरा झाला नाही, तर धोक्याची घंटा वाजली असे समजावे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी देणे, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली घडी ठेवणे, चादरीला सुरकुती पडू न देणे, कातडी कोरडी ठेवणे. एवढ्या साध्या गोष्टींनी महिनोन्महिन्यांची यातना टळते. उलट, त्या लाल डागावर स्पिरिट आणि पावडर लावून खसाखसा चोळण्याची जी जुनी पद्धत अजून चालते, तिने आतली इजा वाढते. मधोमध भोक असलेली रबरी रिंग बुडाखाली ठेवण्याचाही तोच परिणाम. हे सारे प्रेमापोटीच केले जाते, हे ध्यानात घ्यावे. चोळणाऱ्या बाईच्या मनात दुष्टपणा नसतो. तिला कोणी शिकवलेले नसते, इतकेच.

तीच गोष्ट उचलण्याची. पक्षाघाताच्या रुग्णाला उठवताना काखेत हात घालून किंवा लुळा हात धरून ओढले जाते. त्या बाजूचे स्नायू सैल पडलेले असतात, खांदा निखळतो, आणि बोलता न येणारा रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. घरच्यांना वाटते, आजार वाढला. खुर्ची रुग्णाच्या सशक्त बाजूला ठेवावी, चाकांचे ब्रेक लावावेत, त्याला आधी पलंगाच्या कडेवर काही क्षण बसू द्यावे म्हणजे भोवळ येत नाही, पाय जमिनीला टेकलेले असावेत, आणि उचलणाऱ्याने कमरेत न वाकता गुडघ्यात वाकावे. पाठीखालच्या आडव्या चादरीचा उपयोग करून दोघांनी मिळून सरकवले, तर नव्वद किलोचा माणूसही वर सरकतो आणि कोणाचीही कंबर धरत नाही. हे ऐकून येत नाही, करून येते. एका दुपारच्या सरावात येते.

भरवण्याचेही शास्त्र आहे. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. आडव्या रुग्णाच्या तोंडात 'एक घास काऊचा' म्हणत पातळ वरणभात लोटला, की तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो. त्यातून होणारा न्यूमोनिया हे अशा रुग्णांच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, लहान चमच्याने, पहिला घास गिळला गेल्याची खात्री करून मगच दुसरा द्यायचा, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करायचे नाही. मध्येच ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला, तर थांबायचे. नाकातील नळीने अन्न देताना उशाकडील बाजू उंच हवी, लघवीची पिशवी सदैव ओटीपोटाच्या खालच्या पातळीवर हवी. नियम थोडे आहेत, परंतु एकाचीही चूक जिवावर बेतते.

शिक्षणाचा दुसरा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. काय करायचे नाही, हे शिकणे. आपल्याकडे पांढरा कोट अंगात घातला की 'सिस्टर' होता येते. साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, सामान्य परिचर्येचा तीन वर्षांचा. त्यानंतर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. घरी येणारी मावशी ही बहुतेक वेळा यांपैकी कोणीच नसते. तरीही तिला इन्शुलिनचे इंजेक्शन द्यायला सांगितले जाते, निघालेली नळी पुन्हा घालायला सांगितली जाते, रात्री 'शांत झोपावेत म्हणून' गोळीचा आणखी एक तुकडा द्यायला सांगितले जाते. ती नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटले तर उद्या ब्युरो दुसरी बाई पाठवेल. ठामपणे आणि नम्रपणे 'हे माझे काम नव्हे, डॉक्टरांना विचारा' असे म्हणण्याचे बळ प्रशिक्षणातून येते. आणि ते ऐकून घेण्याची तयारी मालकीणबाईंच्या अंगी यावी लागते.

येथून आपण सन्मानाच्या प्रश्नाकडे येतो. 'शुश्रूषा' या शब्दाचा धात्वर्थच ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवेचा अर्थ त्या शब्दाला मागाहून चिकटला. आधी ऐकणे. आज रुग्णाच्या खोलीत ऐकले सर्वांत कमी जाते आणि त्याच्या डोक्यावरून बोलले सर्वांत अधिक जाते. 'आज दोनदा झालं का?' 'भरपूर घाण केली.' हे संवाद, आयुष्यभर वर्गात उभे राहून संस्कृत शिकवलेल्या निवृत्त शिक्षकाच्या देखत, तो जणू तेथे नाहीच अशा थाटात होतात. त्याला बोलता येत नाही, पण ऐकू येते. खोलीचे दार सताड उघडे ठेवून, पाहुण्यांच्या येण्याजाण्यात, त्याचे कपडे बदलले जातात. स्पर्श करण्यापूर्वी 'काका, आता डाव्या कुशीवर वळवते हं' असे सांगणे, पडदा ओढणे, जो भाग पुसायचा तेवढाच उघडा करून बाकीचा झाकलेला ठेवणे, स्वतःच्या हाताने जेवढे करता येते तेवढे त्यालाच करू देणे, या गोष्टींना पैसा लागत नाही. पुरुषांच्या अंघोळीसाठी पुरुष परिचारक मिळाला तर उत्तम. परंतु तो नसेल, तर रुग्णाला जो संकोच वाटतो तो 'म्हाताऱ्याला कसली लाज' म्हणून उडवून लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. वयाने लाज जात नाही.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे आणखी निराळे. स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी जायचंय' म्हणणाऱ्या आजींना 'हेच तुमचं घर' असे दहा वेळा पटवून देण्यात अर्थ नसतो. त्यांच्या मनातील घर बहुधा माहेर असते. त्या घराविषयी विचारावे, अंगणात काय होते ते बोलते करावे, हळूच चहाकडे वळवावे. हे न शिकलेली परिचारिका वैतागते, आवाज चढवते, आणि मग ओढणीने हात पलंगाच्या दांडीला बांधण्यापर्यंत मजल जाते. असे प्रकार घडतात. ते उघडकीस आले की भिंतीवरील कॅमेऱ्याची चित्रफीत सर्वत्र फिरते, आपण संतापतो, आणि महिनाभराने तीच रीत चालू राहते. कॅमेरा लावण्याआधी शिकवावे असे मात्र कोणास सुचत नाही. परदेशस्थ मुलांची काळजी आम्ही समजू शकतो. पण ज्या पलंगावर आईचे कपडे बदलले जातात, त्या पलंगावर रोखलेला कॅमेरा आईला विचारून लावला होता का?

आता नाण्याची दुसरी बाजू. जिच्याकडून आपण एवढे मागतो, तिला काय देतो? बारा तासांच्या पाळीसाठी कुटुंब जे पैसे मोजते, त्यातील एक हिस्सा ब्युरो ठेवून घेतो. त्या बदल्यात ब्युरो सामान्यतः फक्त माणूस पाठवतो. शिकवीत नाही, विमा उतरवीत नाही, आजारपणाची रजा देत नाही. चोवीस तास राहणाऱ्या बाईला झोपायला रुग्णाच्या पलंगाशेजारची फरशी, आणि तीही अखंड झोप नव्हे. ज्या बाईने दोन रात्री डोळा मिटलेला नाही, तिच्या हातून औषधाची वेळ चुकली तर दोष कोणाचा? रक्त, लघवी, वापरलेल्या सुया यांच्याशी तिचा रोजचा संबंध. हिपॅटायटिस-बी ची लस तिने घेतली आहे का, हे किती घरांनी विचारले? घरातीलच पुरुषाकडून, कधी रुग्णाकडूनही, नको तो स्पर्श झाला तर ती कोणाला सांगणार? २०१३ च्या लैंगिक छळप्रतिबंधक कायद्याने घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे आणि तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद केली आहे. ही माहिती त्या स्त्रियांपर्यंत कोणी पोहोचवायची? महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. घरोघर धुणीभांडी करणाऱ्या भगिनींची नोंदणी काही प्रमाणात झाली, पण रुग्णसेवा करणाऱ्या मावशी आपण त्यात मोडतो की नाही, या संभ्रमातच राहतात. घरकाम करणाऱ्या त्यांना नर्स समजतात आणि नर्स त्यांना घरकाम करणाऱ्या समजतात.

आणि कपाचे काय? समरसतेच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या काही घरांतही मावशींचा कप वेगळा असतो, तो स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घातलेला असतो. जिच्या हातून आईच्या तोंडात घास जातो, तिला आपल्या कपातून चहा चालत नाही, ही विसंगती ज्यांना खुपत नाही त्यांच्याशी समरसतेविषयी काय बोलावे? नात्याचे संबोधन द्यायचे आणि नाते नाकारायचे, यापेक्षा सरळ नावाने हाक मारणे अधिक प्रामाणिक. कित्येक घरांना मावशींचे आडनावच काय, नावही ठाऊक नसते.

आमच्या वर्तुळात आणखी एक अडचण आहे, तीही मोकळेपणे बोलली पाहिजे. सेवा म्हणजे विनामूल्य, असा संस्कार आपल्यावर आहे. तो कार्यकर्त्याच्या बाबतीत योग्यच आहे. परंतु पोट भरण्यासाठी शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला 'हे पुण्याचे काम आहे' असे सांगून तिच्या मजुरीत काटछाट करणे, ही सेवाभावाची थट्टा आहे. 'शिकवले की जास्त पैसे मागतील,' हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. मागतील, आणि मागावेत. आपण सुताराकडे कुशल कारागीर मागतो आणि कुशल कारागिराचा दर देतो. आईच्या बाबतीत मात्र स्वस्त हात शोधतो.

सरकारी पातळीवर काहीच झालेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था वृद्धांच्या परिचारकांसाठी अभ्यासक्रम चालवीत आली आहे. कौशल्य विकास योजनेत घरगुती आरोग्य साहाय्यकाचा अभ्यासक्रम आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर जून २०२१ मध्ये पंतप्रधानांनी एक लाख आघाडीच्या कार्यकर्त्यांसाठी सहा प्रकारचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम सुरू केले, त्यांत घरी शुश्रूषा करणाऱ्यांचाही समावेश होता. परंतु प्रमाणपत्र नसलेल्या बाईला ब्युरोने पाठवू नये, असे बंधन कोठे आहे? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांवर पालनपोषणाची जबाबदारी टाकली. त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी त्यात प्रस्तावित होती. ते विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच विधेयकही लयास गेले. सरकार आपल्या विचारांचे असो वा नसो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे: ज्या विधेयकाला सभागृहात फारसा विरोध संभवत नव्हता, ते साडेचार वर्षे का रखडले?

याच काळातील एक तपशील मात्र आम्हांस अस्वस्थ करतो. भारत आणि इस्रायल यांच्यातील २०२३ च्या करारानंतर २०२४ मध्ये इस्रायलने आपल्या वृद्ध-रुग्णांच्या देखभालीसाठी पाच हजार भारतीय परिचारकांची मागणी केली. अट अशी होती की उमेदवार किमान दहावी झालेला असावा आणि त्याने प्रत्यक्ष कामाचे किमान ९९० तासांचे प्रशिक्षण असलेला अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा. ९९० तास! त्या देशाच्या राष्ट्रनिष्ठेचे आपण कौतुक करतो. आपल्या वृद्धांच्या अंगाला कोणाचा हात लागावा, याविषयी ते किती काटेकोर आहेत तेही पाहावे. तेल अवीवमधील आजीसाठी ९९० तास, आणि सदाशिव पेठेतील आजीसाठी? ब्युरोने पाठवलेल्या दिवशी सकाळी 'काय काय करायचं ते बाई सांगतील' एवढे एक वाक्य.

केरळच्या राजकारणाशी आमचे मतभेद जगजाहीर आहेत. तरीही या क्षेत्रात केरळने जे केले ते मान्य करण्यास संकोच वाटू नये. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशामक व परिहारक उपचारांची संस्था उभी केली. पुढे मलप्पुरम आदी जिल्ह्यांत गावोगावच्या सामान्य माणसांना, दुकानदार, शिक्षक, गृहिणी यांना, काही तासांचे शिक्षण देऊन शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाकडे पाठवण्याची पद्धत रुजली. २००८ मध्ये त्या राज्याने याविषयीचे धोरणच जाहीर केले. शासन तेथे मागाहून आले, समाज आधी उभा राहिला होता.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले, तेव्हा कुलीन घरातील स्त्रीने परक्याच्या अंगाला हात लावणे हा भ्रष्टाचार मानला जात होता. त्या वातावरणात सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले, त्यांच्या राहण्याची सोय केली, आणि टीका करणाऱ्यांना त्या स्त्रियांच्या कामातूनच उत्तर मिळू दिले. निराधार विधवेला सन्मानाची भाकरी आणि रुग्णाला शिकलेला हात, ही दोन कामे रमाबाईंनी एकाच योजनेत साधली. आजच्या मावशींपैकी अनेक जणी अशाच परिस्थितीतून आलेल्या आहेत: नवरा गेलेला किंवा टाकून गेलेला, शेत नाही, मराठवाड्यातून किंवा विदर्भातून शहरात आलेल्या.

आणि आपल्या हाताशी साधनही आहे. १९७२ च्या दुष्काळात जन्मलेल्या जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे महाराष्ट्रभर चालतात. रुग्णालयातून घरी आणलेल्या माणसासाठी उंचसखल करता येणारा पलंग, हवेची गादी, चाकांची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची हे सारे नाममात्र आकारात तेथून मिळते. किती कुटुंबांचा भार या केंद्रांनी हलका केला असेल, त्याची गणना नाही. परंतु पलंग घरी पोहोचतो तेव्हा तो वापरायचा कसा, हे सांगणारे कोणी सोबत जात नाही. उशाकडचा भाग किती उंच करायचा, हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते, खुर्चीचे ब्रेक कोठे असतात, हे घरच्यांनाही ठाऊक नसते आणि मावशींनाही नसते. हवेची गादी आहे म्हणून कूस न बदललेले रुग्ण शय्याव्रण घेऊन पुन्हा रुग्णालयात दाखल होतात.

आमची सूचना एवढीच आहे की प्रत्येक साहित्य केंद्राने आपल्याबरोबर शुश्रूषेचा वर्ग जोडावा. शिकवण्यासाठी माणसे आहेत. निवृत्त परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ, परिवारातील रुग्णालयांचे डॉक्टर यांनी आठवड्यातील दोन तास दिले तरी पुष्कळ. वर्ग दोन असावेत. एक उपजीविका म्हणून हे काम करणाऱ्या भगिनी-बंधूंसाठी, काही आठवड्यांचा, प्रत्यक्ष सरावाचा, शेवटी परीक्षा असलेला. त्या काळात त्यांची रोजी बुडते, म्हणून विद्यावेतनाची तरतूद समाजाने करावी. दुसरा घरच्यांसाठी, एका दुपारचा. त्यात मुलाने, सुनेने, जावयाने, नातवाने कूस बदलायला शिकावे, आणि घरी येणाऱ्या परिचारिकेशी कसे वागावे तेही शिकावे: तिच्या झोपेचे तास, जेवण, साप्ताहिक सुट्टी, औषधांची लेखी वही, तक्रार कोणाकडे करायची. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंचपरिवर्तनाचा जो विचार मांडला गेला, त्यातील कुटुंब प्रबोधन आणि समरसता हे दोन्ही विषय या एका दुपारी हाताळून होतील, व्याख्यानाशिवाय.

वर्ग केलेल्यांची यादी केंद्राकडे राहावी आणि पलंग नेणाऱ्या कुटुंबाला तीच यादी हाती द्यावी. मध्यस्थ नको, दलाली नको. केंद्राच्या नोंदवहीत आज रुग्णाचे नाव, पत्ता, साहित्य, अनामत असे रकाने असतात. तेथे आणखी एक वाढवावा: रुग्णाला सांभाळणार कोण, आणि त्या व्यक्तीने वर्ग केला आहे का.

सुरुवातीला वेगळी इमारत लागत नाही. कोणत्याही केंद्राच्या खोलीत एखादा पलंग नेहमीच परत आलेला असतो. तो पुसून दुसऱ्या घरी धाडण्यापूर्वी एका शनिवारी दुपारी एखाद्या कार्यकर्त्याने त्यावर हातपाय सैल सोडून झोपावे, आणि जाणत्या परिचारिकेच्या देखरेखीखाली बाकीच्यांनी त्याला कुशीवर वळवून पाहावे. झोपलेल्याला काय वाटले, ते आधी त्याला विचारावे.